काचेची आतली बाजू

उंब्रजच्या नाक्यापुढं उसाच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि आमच्या मोटारीची पुढची काच गेली. गेली म्हणजे दोन तुकडे झाले असं नाही. आधी सगळ्या काचेवर कोळ्याचं जाळं धरल्यासारखं झालं आणि मग ती धनाजीच्या मांडीवर साखरेसारखी सांडली. धनाजी माझा धाकटा. तोंडाला टॉवेल गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून त्यानं गाडी घरापर्यंत आणली. दारात उतरला तेव्हा त्याच्या खिशातून, कॉलरमधून काचेचे खडे गळत होते.

"लागलं का रं कुठं?"

"न्हाई लागलं. पर सोमवारचं कसं करायचं आये?"

पोराला खरचटलं नव्हतं म्हणून बरं वाटलं. आणि सोमवार चुकतोय म्हणून त्याहून बरं वाटलं. पण ते मी तोंडावर येऊ दिलं नाही.

सोमवारी वाईला जायचं ठरलं होतं. ठरवलं होतं माझ्या दिरानं, आप्पासाहेबानं. माझा थोरला, मानसिंग, एकाहत्तरच्या लढाईत गेला तो परत आला नाही. पलटणीकडून तार आली ती बेपत्ता म्हणून. मेला म्हणून नव्हे. पोस्टमास्तर ती वाचून दाखवताना मान खाली घालायला लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, मास्तर, लिहिलंय तेवढंच वाचा, तोंड पाडू नका. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. मानसिंगची बायको शालू माझ्या घरात कपाळभर कुंकू लावून वावरत होती, आणि माझ्या जिवात जीव असेपर्यंत वावरणार होती.

पण आप्पासाहेबाच्या पोरीची सोयरीक जमली, आणि पाहुण्यांनी अट घातली. तुमच्या घरातल्या त्या माणसाचं काय ते एकदा उरका, अर्धवट सुतकाच्या घरात आम्ही वरात आणणार नाही. मग आप्पासाहेबानं वाईचा एक भटजी गाठला. कृष्णेच्या घाटावर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला मानसिंगचं नाव द्यायचं, तो जाळायचा, आणि शालूचं कुंकू तिथंच पुसायचं. मी नाही म्हटलं होतं. ऐकून घ्यायला कोणी बसलं नव्हतं.

"कराडला टाक गाडी," मी धनाजीला म्हटलं. "होईल सवडीनं."

"कराडचा मिस्त्री पंदरा दिस म्हनतोय. मी घरीच बसवतो काच."

"तुला येतंय व्हय?"

"पुन्यात बगितलंय की बसवताना. रबर, दोरी आनि तीन मानसं. त्यात काय?"

गळकी बादली कधी नीट न केलेलं हे पोर, त्याला एवढी घाई का, हे मला समजेना. संध्याकाळी तो आणि आप्पासाहेब फाटकाशी हळू आवाजात बोलत उभे होते. मी बाहेर आले तशी दोघांनी उसाचा विषय काढला. तेव्हा मी ओळखलं की हे ठरवून चाललंय.

शालूनं मात्र काही विचारलं नाही. खराटा घेऊन गाडीतली काच झाडून काढली, सुपात भरली आणि उकिरड्यावर नेऊन पुरली. या बाईच्या मनात काय आहे ते मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. बाईनं रडावं तरी, नाहीतर भांडावं तरी. ही पाणी भरायची, भाकरी थापायची, आणि 'व्हय आत्याबाई' एवढंच म्हणायची. कधी कधी मला वाटायचं, हिलाच तर सुटायचं नसेल ना?

धनाजीनं सांगलीहून काच आणली. गुळाच्या ट्रकमधून, कडबा आणि गोणपाटात गुंडाळून आणली. मी आधीच विचारून घेतलं.

"कुठल्या मेल्या गाडीची काडून आनलीस?"

"नवी कोरी हाय आये. कागदातली. अजून कुठल्या गाडीला लागल्याली न्हाई."

मी नखानं कडा तपासल्या, नाक लावून वास घेतला. रबराचा डाग नाही, चरा नाही. काच खरंच नवी होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण हे ऐकून ज्याला त्याला काच अपघातातल्या गाडीची असेल, हाच संशय येतो.

वाटेत दव लागून तिच्यावरचा कागद चिकटला होता. तो ओला करून सोडवला. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, कागद काढला तर दोन्ही अंगाला भुकटी मारून ठेवा. आमच्या घरात तोंडाला लावायची पावडर कुठली असणार? शालूनं तांदळाचं पीठ वस्त्रगाळ करून दिलं. माजघरात वाकळ अंथरून, काचेच्या दोन्ही बाजूंना पीठ चोळून, धनाजीनं काच तिच्यावर ठेवली, फुगीर अंग वर करून. काच पालथ्या परातीसारखी बसली. खाली हात जाईल एवढी पोकळी राहिली. मग रबर भिजत घालायला तो परड्यात गेला, आणि मी गोठ्याकडं गेले.

दिवेलागणीला आत आले आणि उंबऱ्यातच थांबले.

काचेवर वरून आणखी पीठ चाळलं होतं, अगदी सारखं. मधोमध कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं होतं. उशाशी चिमणी लावून ठेवली होती.

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्याच्या आदल्या रात्री हेच करतात. तो जिथं निजायचा तिथं पीठ चाळून ठेवायचं, दिवा लावायचा, वरून पाटी पालथी घालायची. सकाळी पाटी उचलून बघायचं. पिठात पाखराचा पाय उमटला तर पाखराच्या जन्माला गेला, मुंगीची वाट दिसली तर मुंगीच्या. आणि मानसिंग रजेवर आला की माजघरात याच ठिकाणी पथारी टाकायचा.

"शाले! कुनाचा दहावा मांडलास गं?"

ती चुलीपुढून धावत आली. बघितलं, आणि तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"आवं आत्याबाई, पीठ कमी पडलं म्हनून भाऊजी वरनं चाळ म्हनलं. मांजर बसंल म्हनून डालगं घातलं. आनि अंदारात कुनी पाय दिईल म्हनून चिमनी..."

"एकेक करून सगळं बराबर मांडलंस की!"

तिला तेव्हा कळलं असं तिनं दाखवलं. डालगं उचलायला वाकली. मी तिचं मनगट धरून हात मागं ओढला.

आता वाटतं, उचलू दिलं असतं तर? पण तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच होतं. ते पिठाचं डालगं मी घाबरून उचललं, म्हणजे माझ्या घरात कोणी मेलंय हे मीच कबूल केलं. काच झाकली आहे, दुसरं काही नाही. ज्याच्या घरात मेलंच कोणी नाही, त्यानं पिठाला काय भ्यायचं?

"ऱ्हाऊ दे तसंच," मी म्हटलं. "सकाळी काडू."

सकाळी आप्पासाहेब काच बसवायला मदत करायला म्हणून आला. माजघरात वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वयनी... तुमी दहावा घातला?"

"काच झाकलीय भावजी. उचला की डालगं. भ्या वाटतंय काय?"

त्यानं टोपी काढून काखेत धरली, मग डालगं उचललं. आम्ही चौघंही वाकलो. पीठ कोरं होतं. मुंगीचासुद्धा माग नव्हता.

"बगा," मी म्हटलं. "मेलाच न्हाई त्याचा माग कुठनं उमटायचा?"

आप्पासाहेबाला ते लागलं होतं, मी बघितलं. धनाजी आणि तो परड्यात रबर बघायला गेले. मी आणि शालू काच उचलून अंगणात न्यायला लागलो. ती एका टोकाला, मी एका टोकाला. उभी केली तशी वरचं पीठ घसरून खाली पडलं, आणि आतली बाजू माझ्याकडं आली.

आतल्या बाजूचं पीठ एका ठिकाणी पुसलेलं होतं. डावीकडं, ताटलीएवढं गोल. कडेला बोटांचे फराटे होते. थंडीत एसटीच्या खिडकीची काच आतून पुसतो ना आपण, बाहेर बघायला, तसं.

काच तर रात्रभर जमिनीला पालथी होती.

मी खाली वाकळीकडं बघितलं. काचेच्या चारी बाजूंनी पीठ सांडलेलं होतं, आणि ते कुठंही मोडलेलं नव्हतं. हात घालायचा तर त्याच्यावरून घालायला हवा होता.

"मी न्हाई आत्याबाई," शालू म्हणाली.

मी अजून विचारलंच नव्हतं.

तिचे हात उलटेपालटे करून बघितले. नखात पीठ होतं. पण भाकरी करणाऱ्या बाईच्या नखात पीठ असणारच, आणि धनाजीच्याही कोपरापर्यंत होतं. पिठाच्या घरात हात बघून काय कळतंय? मी पदर ओला केला आणि तो गोल पुसून टाकला. मग सगळी काच घासून धुतली. शालू बघत उभी होती.

"भाईर कुनाला बोललीस तर बग."

"व्हय आत्याबाई."

काच बसवायची रीत अशी. रबराच्या एका खाचेत काच बसते. दुसऱ्या खाचेत गाडीचा पत्रा बसायचा असतो. त्या दुसऱ्या खाचेत सगळीकडनं दोरी ओवायची, परकराला नाडी ओवतात तशी, आणि तिची दोन्ही टोकं खाली मधोमध आत सोडायची. बाहेरून दोघांनी काच पत्र्यावर दाबून धरायची आणि गाडीत बसून एकानं दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. आधी एका टोकानं अर्धी, मग दुसऱ्या टोकानं अर्धी. दोरी मीच ओवली. या घरात नाडी ओवायला माझ्यासारखं दुसरं कोणी नाही.

"शालूवयनीला बशीव आत," धनाजी म्हणाला. "तिची बोटं बारीक हायत."

"मी बसते."

"आये, तुझा खांदा दुकतोय न्हवं?"

"मी बसते म्हनलं ना!"

शालूला मी आत जाऊ देणार नव्हते. तिला साबणाच्या ऊन पाण्याचं भगुणं देऊन घराच्या पायरीवर उभं केलं, माझ्या नजरेसमोर. मी उजव्या बाजूला, चालवायच्या जागी बसले. गाडीचं पुढचं बाकडं एकसंध होतं, डावीकडची जागा मोकळी. धनाजी आणि आप्पासाहेबांनी बाहेरून काच लावली, तळवे टेकले.

"वड!"

मी उजवं टोक दोन्ही हातांत धरून ओढायला लागले. रबर कुरकुर करत पत्र्यावर चढत होतं. मार्गशीर्षातली सकाळ, बाहेर गार आणि आत माझा श्वास. त्यात धनाजीनं आधीच काचेवर ऊन पाणी ओतलं होतं. काच आतून धुरकट झाली. बाहेरची माणसं जाऊन नुसते चार पांढरे तळवे दिसायला लागले.

उजवा कोपरा वळला. मी दम घ्यायला थांबले.

रबराची कुरकुर थांबली नाही.

मला वाटलं धनाजी जोर लावतोय. मग डावीकडं बघितलं. दोरीचं दुसरं टोक सैल लोंबायला पाहिजे होतं. ते ताणलेलं होतं. बाकड्याच्या डाव्या जागेकडं, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. थोडं यायचं, थांबायचं, पुन्हा थोडं यायचं. घाई नव्हती.

"शाब्बास आये!" बाहेरून धनाजी ओरडला. "दोनी अंगानं बराबर वडतीयास की!"

माझे दोन्ही हात उजव्या टोकावर होते.

बाजूच्या खिडकीतून शालू पायरीवर दिसत होती. भगुणं धरून, खाली बघत.

मी ओढायला लागले. काय करणार होते? थांबले असते तर काच पडली असती.

मी वर जात होते, तसं ते टोकही वर जात होतं. माझ्यापेक्षा पुढं नाही, मागं नाही.

वर मधोमध दोन्ही टोकं भेटली.

दोरी सुटली आणि डाव्या जागेवर पडली. साबणाच्या फेसानं ओली.

मग डावीकडच्या धुरकट काचेत, बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल एवढ्या उंचीवर, गोल पुसला गेला. सावकाश. त्या गोलातून मला बाहेरचा आप्पासाहेब दिसला. काच बसली म्हणून हसत होता.

मी ओरडले नाही. मी थरथरलेसुद्धा नाही, खरं सांगते. मला एकच वाटलं, आला. न सांगता दोरीचं दुसरं टोक धरणारा माझ्या घरात एकच होता. आणि ते वाटलं तशी मी भ्याले. कारण तो असा आला असेल तर तो दुसरीकडं कुठं उरला नाही. आला म्हणायचं तर गेला म्हणावं लागतं. मग तीन वर्षं मी जे म्हणत आले ते खोटं, आणि त्या पायरीवर उभ्या असलेल्या पोरीचं कपाळ सोमवारी पांढरं.

मी दार उघडून खाली उतरले. पदर सावरला.

"भावजी, मोटार झाली. पर वाईला जायाची न्हाई."

"वयनी, आता पुन्ना त्येच? पाव्हन्यास्नी काय सांगू मी?"

"सांगा, पीठ कोरं निगालं. डालगं कुनी उचललं? मी? तुमी सवता उचललंत. तुमच्या डोळ्यांवर तुमचा इस्वास न्हाई व्हय?"

"त्यो काय खरा दहावा हुता?"

"मग टोपी कशाला काडलीत?"

धनाजी तोंड फिरवून हसला. नवल म्हणजे पाहुण्यांनी ते मानलं. पिठात माग नाही म्हणजे माणूस आहे कुठंतरी, असं त्यांच्यातला म्हाताराच म्हणाला म्हणे. लग्नाची तारीख धरली. शालूचं कुंकू राहिलं. मी जिंकले होते.

त्यानंतर मी डाव्या जागेवर कोणाला बसू दिलं नाही. स्प्रिंग वर आलीय, टोचते, असं सांगायची. धनाजी एकदा तिथं पोतं ठेवायला वाकला आणि हात मागं घेऊन मुठीत फुंकर घालत राहिला. गार हाय गं, एवढंच म्हणाला. सकाळी बाकीच्या काचा दवानं पांढऱ्या असायच्या, आणि पुढच्या काचेला आतून तो एक गोल मोकळा. मी कुणाला बोलले नाही. उलट मला बरं वाटायला लागलं होतं. जाता येता मी त्या दारावर हात ठेवायची. उसाला तुरा आलाय, म्हशीला पारडी झालीय, असलं काहीबाही मनातल्या मनात सांगायची. पोरगं घरी होतं. शालूला वा धनाजीला ते कळायची गरज नव्हती, एवढंच.

आप्पासाहेबाच्या पोरीचं लग्न कराडजवळ मलकापूरला होतं. धनाजी गाडी चालवत होता, मी आणि शालू मागं. पुढची डावी जागा मोकळी. भर दुपारचं ऊन होतं, दोन्ही बाजूंना ऊस. शालूनं नवं लुगडं नेसलं होतं आणि डोक्यावरचा पदर कपाळ झाकून पार नाकापर्यंत ओढला होता. माझ्याकडच्या अंगानं तिचा चेहरा उघडा होता. पुढच्या डाव्या जागेच्या बाजूनं मात्र तिनं पदर मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या पोरीची माया आली. आपण दोघी एकच गोष्ट झाकून बसलोय, आणि मी हिच्यावरच डोळा ठेवून होते. मी तिच्याकडं सरकले, गाडीच्या आवाजात धनाजीला ऐकू जाणार नाही असं तिच्या कानाशी बोलले. जे तोंडातून कधी काढलं नव्हतं ते काढलं.

"आगं येडे, मानसिंगच हाय त्यो. त्याच्याम्होरं एवडा पदर कशाला वडतीस?"

तिनं मान वर केली नाही.

"तुमच्या लेकाम्होरं मी कदीच पदर वडला न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली, आणि मुठीतला पदर आणखी खाली ओढून माझ्या अंगाला चिकटून बसली.